मार्गेडने मागितलेल्या तारखा

१४, चॅपल टेरेस
पेंटरवेन
९ एप्रिल

प्रिय मार्गेड,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. तू आणि मुली बऱ्या असाल. मी ठीक आहे. शेजारची डिल मावशी दर गुरुवारी मटणाचं सूप आणून देते आणि दारातच विचारते, "मार्गेडचं काही?" मी म्हणतो, कामात असेल. "कार्डिफ काय चंद्रावर आहे होय?" म्हणते आणि मागच्या गुरुवारचं भांडं मागते.

कार्डावर तू एकच ओळ लिहिलीस. कौन्सिलने कधी काय केलं त्याच्या तारखा पाठव, मी तक्रार करणार आहे. जानेवारीत आईला पुरून आलो तेव्हाही तू म्हणालीस, "त्यांनी भिंतींचं काम वेळेवर केलं असतं, तर ती हा हिवाळा काढती." मी मान डोलावली होती.

तारखा देतो. आधी मंगळवारचं सांगतो.

मार्चमध्ये आईच्या नावाने कौन्सिलचं पत्र आलं. तिच्या छातीच्या दुखण्यामुळे आपलं घर यादीत वर लागलं होतं. ऊब घरात टिकावी म्हणून माळ्यावर लोकर अंथरून, भिंतींना आतून जाड फळ्या लावून देणार, खर्च सगळा त्यांचा. सोबतच्या कागदावर रकाना होता, घरात राहणारी माणसं. आजारी माणूस घरात नसेल तर अनुदान नाही, हे खाली छापलेलं मी तीनदा वाचलं. मी २ लिहिलं. भिंतींसाठी लिहिलं असं तुला वाटेल. मला १ लिहवेना.

मंगळवारी सकाळी कौन्सिलच्या मिसेस प्रॉबर्ट घर बघायला आल्या. ऊब कुठून निसटते ते दाखवणारा कॅमेरा आणणार, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणून मी आईच्या पलंगावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर तिचं पांघरूण नीट खोचलं. आई आत्ताच उठून डिल मावशीकडे गेली, असं सांगितलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं घर निळं, म्हणजे गार, दिसत होतं. स्वयंपाकघरातली माझी खुर्ची तेवढी तांबूस. "इथे बराच वेळ बसतोस वाटतं," त्या म्हणाल्या. मग आईच्या खोलीत आल्या. पलंगही निळाच, मधोमध एक लहान पिवळा चौकोन.

"आई फारच लहानखुरी दिसते तुझी," त्या हसून म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि कॅमेरा खाली केला. "कधी गेली, बाळा?"

"एकोणीस जानेवारीला."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "माझ्या आईचा चष्मा अजून माझ्या पर्समध्ये आहे. चार वर्षं झाली. पण मला खरं ते लिहावं लागेल."

"लिहा."

"तूच लिही. शुक्रवारपर्यंत. चूक आपण होऊन कळवलेली बरी."

चहा प्यायल्या आणि मी भरलेला तो कागद माझ्याकडे ठेवून गेल्या. दोन कप मी सकाळीच काढून ठेवले होते. रोजच काढतो.

आता तारखा.

१० सप्टेंबर. अर्ज आला. मुदत ३१ ऑक्टोबर. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, आईला माझ्याकडे पाठव, ते घर म्हणजे ओला बूट आहे. मी म्हणालो, कौन्सिलचं काम होतंय.

अर्जात विचारलं होतं, खिडक्यांतून वारा येतो का? हो किंवा नाही, एवढंच. मी प्रत्येक फट पट्टीने मोजली. आईच्या खिडकीची चार मिलिमीटर. घराचा नकाशा काढला, तो कोणी मागितला नव्हता. पहिल्या अर्जावर चहा सांडला, दुसरा मागवला. त्यात आईची जन्मतारीख माझ्या रकान्यात गेली, तिसरा मागवला. आई खोकत खोकत म्हणायची, "अरे, पाठव तसाच. तिथे काय मास्तर बसलाय?" शाळेत मास्तरांनी चुकांनी भरलेली माझी वही सगळ्या वर्गाला वर धरून दाखवली होती आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून जास्त बोलली नाही.

४ नोव्हेंबर. अर्ज टपालात टाकला.

११ नोव्हेंबर. त्यांचं उत्तर, मुदत संपली, पुढची यादी मार्चमध्ये. तुला फोनवर सांगितलं की काम त्यांनी पुढे ढकललं.

त्यांनी ढकललं नाही, मार्गेड. मी चार दिवस उशीर केला. आईला तुझ्याकडेही येऊ दिलं नाही.

आज सकाळी २ खोडून १ लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि तोच कागद पाठवला. भिंती आता होणार नाहीत. तक्रार करायचीच असेल तर पत्ता वर आहे.

या पत्रात दोन ठिकाणी खाडाखोड झाली आहे. पुन्हा उतरवून काढायला बसलो तर हे तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून असंच पाठवतो.

आईची खोली झाडून ठेवली आहे. मागचं दार अजून चिकटतं, खांदा लावून ढकलावं लागतं.

तुझा,
इव्होर