दोन पाय आधी आत

अमरावती, चैत्र वद्य पंचमी

काय दिवस गेला! लिहूनच ठेवतो.

कापूस दाबायच्या यंत्राची लाकडी चौकट सकाळी वखारीच्या दारात अडकली. तिला चार जाडजूड पाय, आणि दार अरुंद. अमेरिकेतल्या लढाईपायी विलायतेला आमचाच कापूस हवा, बाहेर गाड्यांची रांग, आणि आम्ही आठजण चौकट नुसती सरळ रेटतोय. शेवटी मीच म्हटलं, फोडा भिंत.

सरकी काढणारी गंगाबाई डोळे मिटून बसलेली. मी खेकसलो, "झोपलीस काय?"

"झोपली नाई जी. मनात फिरवून पाहून राहिली. आडवी करा, दोन पाय आधी आत घाला, मंग वळवा."

तसं केलं. चौकट आत! भिंतीला ओरखडासुद्धा नाही.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकाले काय लागते? रोज सांजच्याले बाज आंगनात नेतो, सकाळी घरात आनतो."

तेव्हापासून माझा तोच उद्योग. डोळे मिटून मनातच तांब्या पालथा केला. मग खुर्ची आडवी केली, तर तिचे दोन पाय दारातून आत जाताना दिसले. खरंच दिसले! चाळीस वर्षं हे डोकं होतं कुठं?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, आज बाज मी नेतो. दारातच अडकली. मी रेटली. लग्नाला वीस वर्षं झाली, या बाजेवर मी फक्त झोपलोय.

ती पदरात हसत म्हणाली, "भिंत फोडाची का जी?"