पंधरा मिनिटं

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. आपण हर्नियासाठी टेबलावर घेतलेली ती मुलगी आजही तशीच आहे. डोळे उघडते, पण आई समोर आली तरी ओळखत नाही.

वीस वर्षं भूल देते आहे आणि घसा फोडून सांगत आले: तीन वर्षांच्या लेकराच्या हर्नियासाठी पूर्ण भूल कशाला? माकडहाडाजवळ एक सुई द्या, कमरेखालचा भाग बधिर करा, वर झोपेचं हलकं औषध. लेकरू आपला श्वास आपणच घेत राहतं. तू चिडवायचास, "ताई, तू नुसतं भाषण दे, पोरं आपोआप झोपतील." ती पद्धत खरी आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. खोटी मी ठरले.

बधिरपणा चढायला पंधरा मिनिटं लागतात, हे मीच शिकवते. कातडीला चिमटा लावून लेकरू हलतं का, तेही पाहायचं असतं. त्या दिवशी तू विचारलंस, "ताई, करू सुरू?" मी ना घड्याळ पाहिलं, ना चिमटा उचलला. "कर रे, माझी सुई कधी चुकलीय?" तू सुरी टेकवलीस आणि ती कळवळली. तू हात मागे घेतलास. तेव्हा नुसतं थांबायचं होतं रे. मी झोपेचं औषध आणखी दिलं, मग आणखी एकदा. ती शांत झाली, तू कामाला लागलास. आणि मग सुईचा गुण आला. दुखणं संपलं. त्या दुखण्यानेच तोवर तिचा श्वास चालता ठेवला होता. आता उरलं नुसतं औषध. तिचा श्वास मंदावत होता तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून नव्या नर्सला या पद्धतीचे फायदे समजावत होते. मॉनिटर कोकलला तेव्हा कुठे वळले; तोवर तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता.

तुझ्या बायकोकडून कळलं, उद्याच्या चौकशीत तू 'मीच घाई केली' असं लिहून देणार आहेस. लहानपणी मी फोडलेल्या काचा तू स्वतःच्या नावावर घ्यायचास. ही काच नाही. एक अक्षरही लिहू नकोस. माझा जबाब मी सकाळीच दिलाय. मग वॉर्डात जाऊन तिच्या आईलाही सगळं सांगितलं, माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. ती बाई ओरडली नाही. मुलीच्या गालावरची लाळ पुसत एवढंच म्हणाली, "हळू बोला, ती ऐकते."

तुझीच,
ताई