बोगद्यातली भिंत

प्रिय नोएमी,

तुझं पत्र पोचलं. धाकटीचा खोकला गेला हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे चेस्टनट यंदा भरपूर पिकलेत, पण वेचायला माणसंच उरली नाहीत. गाडी बंद होऊन चार वर्षं झाली. गेल्या वसंतात रूळही उखडून नेले. साठ वर्षं आपल्या खोऱ्यातलं रेशीम, चेस्टनट आणि पोरं याच लाइनीवरून बाहेर गेली. तूही याच गाडीनं लियाँला गेलीस.

वरचा बोगदा आता मादाम फाब्रेगनं भाड्यानं घेतलाय, अळंबी पिकवायला. अंधार आणि ओल आयतीच आहे. कामाला गावातल्या चार बायका. मागच्या महिन्यापासून त्या डाव्या भिंतीजवळच्या वाफ्यांना हात लावेनात. भिंतीतून ठोके येतात म्हणे. मादाम माझ्याकडे आली. "गेदेओं मिस्त्री, ती भिंत तुम्हीच बांधलीत ना? मागं आहे तरी काय?" मी म्हटलं, "पाणी झिरपत असेल." ते शब्द तोंडातून निघाले आणि मी जुनी हातोडी शोधायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडी घेऊन गेलो. बायका मागं थांबल्या. भिंतीला कान लावला. तीन ठोके, मग जरा थांबून एक. मी हातोडीनं तसेच दिले. आतून लगेच उत्तर आलं, पण अगदी दमलेलं. मागून त्यांच्यातली म्हातारी मार्त म्हणाली, "पाणी मोजून मापून पडतं होय हो मिस्त्री?" मी पुन्हा भिंतीला कान लावला. त्यानंतर मी रोज जातो. रविवारीसुद्धा, प्रार्थना चुकवून.

तुझे वडील, एली, त्या भिंतीमागं आहेत, हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी तू आईबरोबर, ज्यूदितबरोबर, बोगद्याच्या तोंडाशी फुलं ठेवायला यायचीस. बोगद्याच्या दुरुस्तीत बाजूला खणताना दरड कोसळली, त्या क्षणीच एली गेला, असं तुला सांगितलं होतं. तुझ्या आईलाही मीच तसं सांगितलं. तेव्हा तू तिच्या पोटात होतीस. पुढं आमचं लग्न झालं, पण तू मला कधी बाबा म्हणाली नाहीस, गेदेओंकाकाच म्हणत राहिलीस. त्यानं मला मनातून बरं वाटायचं.

नोएमी, एली त्या क्षणी गेला नव्हता. दोन दिवस तो आतून ठोकत होता, तीन आणि एक. खणायला गेलो की छत खाली यायचं. रेल्वेचा साहेब म्हणाला, "पाणी आहे ते. भिंत घाला, सोमवारी गाडी सुटायला हवी." आम्ही सहाजण होतो, कुणीही तोंड उघडलं नाही. शेवटचा दगड मी बसवला, तेव्हाही ठोके येत होते. ज्यूदित हे न कळताच गेली. आता मी मादामला सगळं सांगितलंय. येत्या गुरुवारी सकाळी भिंत फोडणार आहेत. पहिला दगड मीच काढणार. आत हाडांशिवाय काही नसेल, असं सगळे म्हणतात. पण ठोके कालही आले, आणि तो बाहेर येईल तेव्हा समोर फक्त मी असू नये. तू ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझाच, अजून तसं म्हणवून घेता येत असेल तर,
गेदेओं