डॉक्टर काय म्हणाली

अल कुसैस, दुबई
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा यांस,

अनुचा नमस्कार. कानातलं मशीन दुरुस्त होऊन आलं का? नसेल तर दादाला पुन्हा दुकानात पाठवा, तो विसरतो. इथली थंडी सरत आली. अस्मीला म्हटलं, आजोबांना चार ओळी लिही, तर म्हणाली, "आय विल व्हॉट्सअ‍ॅप हिम, आई." सूर्यकांत बरे आहेत. त्यांच्या इंटरव्ह्यूंच्या फेऱ्या चालू आहेत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडून बोलावं लागतं. जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

डिसेंबरपासून तुम्ही मला तीनदा विचारलंत, "त्या ब्रांदेल्लीला का काढलं गं?" तिन्ही वेळा मी सांगितलं, टीम हरत होती म्हणून. आप्पा, टीम हरत नव्हती. त्याला कोचपदावरून काढलं तेव्हा आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो.

तुम्हाला त्याची फुटबॉलमधली सगळी कारकीर्द पाठ आहे. सोळाव्या वर्षी फॉरवर्ड होता, गोल होईनात म्हणून मागे उभा केला आणि मागेच राहिला. अकरा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये, दोन वरच्या. तुमचा प्रश्न मी त्याला विचारला होता, सगळ्यात अवघड फॉरवर्ड कुठला? "जो कोपर मारून सॉरी म्हणतो तो," असं तो म्हणाला, तेव्हा तुम्ही फोनवर किती हसलात. पण त्याची शेवटची मॅच मी तुम्हाला कधी सांगितली नाही. ती सांगितली असती तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्याने ती मला सांगितली होती. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी, आणि त्याच्याविरुद्ध पेनल्टी. गोल झाला, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. अख्खं गाव म्हणत होतं, रेफ्री विकला गेला. बातमीदारांनी त्याच्यापुढे माइक धरला. तो म्हणाला, "शर्ट मी धरला होता. रेफ्री बरोबर होता." क्लबने पुढचा करार दिला नाही. त्याचे वडील ज्या साखर कारखान्यात होते, तिथे कुणी त्यांच्या शेजारी जेवायला बसेना. पुरुषांच्या कुठल्याच टीमने कोच म्हणून घेतलं नाही, म्हणून एका शाळेत मुलींना शिकवायला लागला. तिथेच त्याचा जीव रमला. मुलींच्या टीम घडवत घडवत तो इथे आला, आणि त्याचं इटालियन बोलणं इंग्रजीत सांगायला मी.

ही नोकरी मला नबिलामॅडमनी दिली हे तुम्हाला माहीत आहे. त्या मूळच्या दाभोळच्या, शारजात वाढलेल्या, टीमच्या मॅनेजर. सूर्यकांतची इथली कंपनी जुलैत बंद झाली, तेव्हा घरातल्या तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर आले. तेही त्यांनीच पळापळ करून जुळवलं. त्या वाईट बाई आहेत असं मी लिहिणार नाही.

नोव्हेंबरात मोठी मॅच होती, मालकमंडळी पाहुण्यांना घेऊन आली होती. आमची एमान, एकवीस वर्षांची, मागे मधोमध खेळणारी स्टॉपर. तुम्ही तिचे व्हिडिओ पाहून म्हणाला होतात, ही पोरगी बॉल पडायच्या आधी तिथे असते. हाफटाइमच्या थोडं आधी हेडिंगला तिचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आपटलं. ड्रेसिंगरूममध्ये डॉ. मरियमनी तिला तपासलं आणि नबिलामॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, हिने मला दोनदा स्कोअर विचारला, हिला पुन्हा उतरवायचं नाही. मी शेजारीच उभी होते. डॉक्टर एमानसाठी बर्फ आणायला गेल्या आणि मॅडम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अनु, त्याला सांग डॉक्टरने ओके दिलाय. वरून तिसरा फोन आला मला. पंचेचाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे गं."

तेवढ्यात ब्रांदेल्ली आला. त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाली?"

मी म्हटलं, "खेळू शकते." इटालियनमध्येही ते दोनच शब्द होतात.

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरांनी तिला पुन्हा मैदानात पाहून मॅडमना विचारलं, तेव्हा मॅडमनी 'कोचचा निर्णय' म्हणून टाळलं. बासष्टाव्या मिनिटाला एका फ्री किकचा बॉल तिच्या डोक्याला लागला. ती उभी राहिली, दोन पावलं चालली आणि पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आप्पा, ती जिवंत आहे. ऑपरेशन झालं, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. आता चालते, बोलते, कॉलेजला जाते. पण खेळणं खलास.

चौकशी क्लबच्या ऑफिसात झाली. डॉक्टर म्हणाल्या, मी नको म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, तसंच कोचला कळवलं. ब्रांदेल्ली म्हणाला, मला उलटं सांगितलं गेलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अनुपमा, तू मला काय सांगितलंस ते यांना सांग." दुभाषी मीच, त्यामुळे त्याचं हे वाक्यही मलाच इंग्रजीत करावं लागलं. केलं. मग माझं उत्तर दिलं, की डॉक्टरांनी नको म्हटलंय असंच मी सांगितलं होतं.

तेवढं इंग्रजी त्याला कळत होतं. तो माझ्याकडून क्लबच्या लोकांकडे वळला. चिडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "लिहा. मैदानात खेळाडूला कोच पाठवतो. निर्णय माझा होता."

हे वाक्य मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. कारण ते माझ्या सोयीचं होतं.

तो गेला त्या दिवशी मी एअरपोर्टवर गेले नाही. अस्मीला ताप आहे म्हणून कळवलं. तिला ताप नव्हता.

जानेवारीत एमान मैदानावर सगळ्यांना भेटायला आली. डोक्याला रुमाल, केस नुकते वाढू लागलेले. मला एकटीला गाठून तिने विचारलं, "मिस्टरला माहीत होतं का?" मुली त्याला मिस्टर म्हणायच्या, इटलीत कोचला तसं म्हणतात. मी म्हटलं, मला मीटिंग आहे. आणि निघून गेले. पाच दिवस तसेच गेले. सहाव्या दिवशी शारजाला तिच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर सगळं सांगितलं. तिची आई उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. एमानने फोन काढून माझ्यापुढे धरला. ब्रांदेल्लीचे मेसेज होते, रोज एक, मोडक्या इंग्रजीत. 'टुडे हेड हाऊ?' तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. म्हणाली, "मला वाटलं, त्याला माहीत असूनही त्याने मला पाठवलं. मी दोन महिने त्याचा तिरस्कार केला."

त्यानंतर मी सगळं लिहून क्लबला आणि स्पर्धेच्या समितीला दिलं, एक प्रत ब्रांदेल्लीला पाठवली. क्लबने मला काढलं. नबिलामॅडमचा फोन आला. "मी तुला आणलं होतं, अनु," एवढंच म्हणाल्या. सूर्यकांतनी व्हिसाचा विषयही काढला नाही. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" असं विचारलं. त्यांना नोकरी लागली नाही तर एप्रिलमध्ये आम्ही कोल्हापूरला येऊ. अस्मीची शाळा सुटेल.

काल ब्रांदेल्लीचं उत्तर आलं. 'पत्र मिळालं. एमानशी बोललो. तुझ्याशी बोलायला मला अजून वेळ लागेल.'

तुमच्या फुटबॉलवाल्या तालमीत तुम्ही ब्रांदेल्लीचा आणि माझा फोटो लावलाय, दादा म्हणाला. तिथे कुणी त्या माणसाला बेजबाबदार म्हणत असेल तर हे पत्र वाचून दाखवा. वाचताना माझं नाव गाळू नका. पन्नास वर्षांच्या ओळखीची तुमची माणसं आहेत, तुम्हाला अवघड जाईल हे मला कळतं. तरी वाचा.

दर पत्राच्या शेवटी मी तुमचा आशीर्वाद गृहीत धरते. या वेळी धरत नाही. एप्रिलमध्ये दारात उभी राहीन, तेव्हा तुम्हाला वाटलं तरच द्या.

तुमची मुलगी,
अनुपमा