ओसरीचं दार मी लावलेलं नाही

पामर्स्टन नॉर्थ,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप सुलभावन्संना,

दमयंतीचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात माझी कंबर अर्ध्यापर्यंत येते आणि तिथे थांबून विचार करते. तुमचे गुडघे कसे आहेत? संपदा तेल लावून देते ना? (सुनेनं लावलेलं तेल तुम्हाला लागू पडत नाही हे ठाऊक आहे, तरी लावून घ्यावं. तिला बरं वाटतं.) इकडे मृदुला, जावई आणि मी ठीक आहोत. उन्हाळा संपत आला, वारा मात्र बारमाही. या गावच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. परवा वाळत घातलेलं माझं पातळ शेजारच्या ब्रायनच्या लिंबाच्या झाडावर सापडलं. त्याने ते घडी घालून आणून दिलं. घडी चुकीची होती, पण माणूस चांगला.

हाताने पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल. आधी मूळ विषय. दिवाळीत तुम्ही घराण्याच्या ग्रुपवर बोलून पाठवलंत की मधू गेला आणि भावजयीनं ओसरीचं दार लावून घेतलं, आता माझं माहेर संपलं. ते सगळ्यांनी ऐकलं. नाशिकच्या मंडळींनी लगेच रडके चेहरे पाठवले. वन्सं, मी दार लावलेलं नाही. दाराच्या दाखल्याची मुदत संपली होती. हे ऐकायला खोटं वाटतं याची मला कल्पना आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते.

ओसरी म्हणजे आमच्या गॅरेजमध्ये फ्रीजरशेजारी ठेवलेला, बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा. यांनी त्यात घराण्याचे सगळे फोटो आणि सासूबाईंच्या चातुर्मासातल्या कहाण्यांच्या कॅसेटी उतरवून ठेवल्या, आणि नाव ओसरी ठेवलं, कारण ओसरीवर येणाऱ्याने परवानगी मागायची नसते. तुमच्या फोनवरचं तुळशीचं चित्र दाबलं की तुम्ही मिरजेहून थेट त्या डब्यात, आईच्या आवाजापाशी. तुम्ही रोज दुपारी येत होता हे आम्हाला कळायचं. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि हे चहाचा कप घेऊन म्हणायचे, ताई आली.

पण माणूस पडला टेलिफोन खात्यातला. परवानगी नको म्हणाले तरी दाराला कुलूप हवंच. त्यासाठी त्यांच्याकडे ओपनएसएसएल नावाचा एक प्रोग्रॅम होता. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. आपण हुकूम लिहायचा, त्याने पाळायचा. काम बरोबर झालं तर तो एक अक्षर बोलत नाही. चुकलं तर चार ओळी सुनावतो आणि त्यातली एकही समजत नाही. उभा संसार अशाच स्वभावाबरोबर केल्यामुळे मला तो परका वाटला नाही.

आता दाखल्याचं. हे दार घैसासांचंच आहे, दुसऱ्या कुणी आमची पाटी लावून दुकान थाटलेलं नाही, असा दाखला दाराजवळ असावा लागतो. जग तो मोठ्या कंपन्यांकडून घेतं. हे म्हणाले, माझ्या घराचा दाखला परका कसा देईल? मग त्यांनी दाखले देणारं ऑफिसच काढलं. ऑफिसात अधिकारी एक. त्याने आधी स्वतःच स्वतःला दाखला दिला की मी भरवशाचा आहे, आणि मग त्या अधिकारात दाराला दिला. (हसू नका. मोठमोठी ऑफिसंही अशीच निघालेली आहेत, मी वाचलं आहे.) दाराचा दाखला वर्षाचा. दर खंडेनवमीला विळी, शिवणयंत्र, लॉन कापायचं मशीन आणि तो डबा यांना हळदकुंकू लावायचं, आणि फूल वाहून झालं की हे बसून दाखला नवा करायचे. मला इतकी वर्षं तो पूजेचाच भाग वाटत होता. शेवटी आरती, तसं हे.

गेल्या श्रावणात हे गेले. पहिलं वर्ष, त्यामुळे आपल्याकडे सण नाही. खंडेनवमी केली नाही. विळीचं काही बिघडलं नाही, ती चिरत राहिली. डब्याने मात्र वर्षाचा दुखवटा मनावर घेतला आणि दसऱ्याच्या दिवशी दार मिटलं.

जावई यशोधन युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचंच काम करतात. त्यांनी सुचवलं की सगळं क्लाउडवर टाकू, आत्याबाईंना नवी लिंक पाठवू, स्वीट अ‍ॅज. (इथे 'झालं, मिटलं' याला असं म्हणतात. गोडाचा संबंध नाही.) मी नको म्हटलं. एक तर तुळशीचं चित्र सोडून दुसरं कुठलंही चित्र तुम्ही दाबणार नाही. आणि दुसरं, पुढचं दार लावलं असा बोल असताना मागची खिडकी उघडून या म्हणणं म्हणजे दार लावल्याचं कबूल करणं. जावयांनी हे ऐकून घेतलं आणि ते बार्बेक्यू पेटवायला निघून गेले.

मग मी लायब्ररीतून या विषयाचं जाड पुस्तक आणलं. शाळा मॅट्रिकला सुटली, पण पुस्तक कसं वाचायचं ते मला येतं: पहिल्या पानापासून, न समजलेलं पान दुसऱ्या दिवशी परत. काउंटरवरची हिने नावाची बाई किया ओरा (इथला नमस्कार) म्हणाली आणि नातवासाठी का, असं विचारलं. मी सांगितलं, नणंदेसाठी. इंग्रजीत नणंदेला जो शब्द आहे त्यात नणंद मावत नाही, त्यामुळे तिला यातलं गांभीर्य कळलं नसावं.

यांच्या ऑफिसची किल्ली डब्यातच सापडली. पण किल्लीलाही परवलीचा शब्द, आणि तो लिहिताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. मी समजले कीबोर्ड गेला. यशोधनचा आणून जोडला, तोही मुका. (मग पुस्तकात पुढच्याच पानावर मिळालं की कुणी डोकावून पाहू नये म्हणून तसं असतं. पुढचं पान आधी वाचायची सवय नसण्याचा हा तोटा.) सासूबाईंचं नाव लिहून पाहिलं. मृदुलाचं पाहिलं. माझं पाहिलं, तेही नव्हतं. तुमचंही पाहिलं, राग मानू नका. मग लक्षात आलं की हा शब्द ते बरोबर घेऊन गेले. चष्मा इथे ठेवला, जँडल्स (इथल्या रबरी चपला) दारात ठेवल्या, गोळ्यांची अर्धी पट्टी ठेवली, तेवढं एक नेलं. मी फ्रीजरवर हात ठेवून थोडा वेळ बसले. त्याची घरघर चालू होती. मग आत जाऊन आमटीला फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी मी माझं स्वतःचं ऑफिस काढलं.

नवी किल्ली घडताना तो पडद्यावर ठिपके आणि अधूनमधून फुल्या काढतो, अगदी रांगोळीसारखे. एवढीच त्याची हौस. मग दाराचा दाखला भरायला तो प्रश्न विचारतो: देश कुठला, गाव कुठलं, संस्था कुठली (घैसास कुटुंब, लिहिलं). शेवटी नाव. आता वन्सं, रेशनकार्डापासून गॅसच्या नंबरापर्यंत नावाच्या रकान्यात मी आयुष्यभर एकच नाव लिहीत आले आहे, यांचं. हाताने तेच लिहिलं. दार उघडून पाहते, तर उत्तर आलं की हा दाखला दुसऱ्याच कुणाचा आहे. तिथे दाराचं नाव हवं होतं, ओसरी. उखाण्याबाहेर त्यांचं नाव घेतलं आणि तेही चुकीच्या रकान्यात.

ते दुरुस्त केलं. माझ्या लॅपटॉपवर दार उघडलं. मी शिरा केला, ब्रायनलाही दिला. महिन्याभराने दार परत बंद. किती दिवसांचा दाखला हे मी माझ्या ऑफिसला सांगितलंच नव्हतं, आणि न सांगितलं तर हा प्रोग्रॅम महिना धरतो. माझ्याच ऑफिसने मला महिन्याच्या बोलीवर ठेवलं होतं. पुन्हा रांगोळी, पुन्हा देश-गाव.

यापुढचं तुम्ही पाहिलंच आहे. ऑफिसकडे दोन कागद असतात. एक जगाला द्यायचा, फोनला ऑफिसची ओळख पटावी म्हणून, आणि एक प्राण गेला तरी कुणाला द्यायचा नाही. दोन्हींना वर रेघ, खाली रेघ, मधे नुसती अक्षरांची खिचडी. संक्रांतीच्या दिवशी मी घराण्याच्या ग्रुपवर जो कागद टाकला, 'सर्वांनी अगत्याने घ्यावा' असं वर लिहून, तो दुसरा होता. म्हणजे पत्रिकेऐवजी घराची किल्लीच वाटली. नाशिककरांनी हात जोडले. कुणीतरी 'खूप उपयुक्त माहिती' लिहिलं. आणि तुमच्या धाकट्याने तो पुढे त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. यशोधननी संध्याकाळी तो वाचला आणि त्यांच्या हातातला चमचा ताटात पडला. माणूस कधी रागावत नाही, तेव्हाही नाही, फक्त म्हणाले, "आई, आता कुलूपच बदला." ते बदललं. तिसरं ऑफिस. आता हे टिकेल. ऑफिसची मुदत दहा वर्षांची लिहिली आहे, स्वतःच्या तब्येतीचा विचार न करता.

तर असं झालं. माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला खरं कळावं. मागायचं काही नाही. मृदुला नमस्कार सांगते. तुमचा राग उतरला असेल तर ठीक, नसेल तर गुडघ्यांकडे तरी लक्ष द्यावं.

तुमची
दमयंती

ता. क. मागायचं थोडं आहे. यांचं ऑफिस बंद झालं, त्यामुळे तुमच्या फोनला आता माझ्या ऑफिसची नव्याने ओळख पटवावी लागेल. हे पत्र मिळालं की कळवा, मी जो कागद पाठवीन (पहिला, दुसरा नव्हे, यशोधन तपासून देणार आहेत) तो संपदाने उघडावा. फोन इशारे देईल की हे अनोळखी आहे, यात धोका आहे. मग तो विचारील, दमयंती घैसास यांच्यावर विश्वास ठेवायचा का. तिथे तुम्हाला हो म्हणून दाबायचं आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न तुम्हाला इतका सरळ कुणी विचारला नसेल, मलाही विचारायचं धाडस नव्हतं. सावकाश दाबा. पण संपदाने दाबू नये, तुम्हीच दाबा.

ता. क. २. तो कागद माझाच, वाटेत कुणी बदललेला नाही, हे कसं ओळखायचं? फोनवर आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ दिसेल, तो त्याचा अंगठा. तो ज्या वाटेने कागद आला त्याच वाटेने पडताळू नये, वेगळ्या वाटेने पडताळावा, असं पुस्तकात आहे. म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र. माझं अक्षर तुम्ही ओळखता. लग्न झाल्यापासून त्याला नावं ठेवता आहात. पूर्ण ओळ पाठीमागे लिहिली आहे. सुरुवात सात सी तीन ए, शेवट शून्य नऊ ई चार. संपदाने मोठ्याने वाचावं, तुम्ही बोट ठेवावं.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हते. कहाणी सुफळ संपूर्ण झाली की तुम्ही लगेच बंद करता, मला माहीत आहे. डब्यावरचा दिवा तिथेच विझायचा. नागपंचमीच्या कॅसेटला बंद करू नका. कहाणीनंतर कुकरच्या शिट्ट्या आहेत, सासूबाई कुणावर तरी दुधावरून ओरडतात, आणि मग हे आहेत. आवाज अगदी कोवळा, मी त्यांना पाहिलं त्याच्या आधीचा. टेपरेकॉर्डर तुमच्या हातात असावा. ते म्हणतात, "ताई, दाब की बटण. काही स्फोट होत नाही."