दुसरा ब्रेक

कुह्मो, ११ जानेवारी १९८७

ती. हिल्काताईस,
धाकट्या ओस्मोचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब आहे, पण एल्मा म्हणते की नवराही जरा तिरपाच आहे, तेव्हा शोभून दिसेल. इथं आठ दिवस पारा उणे पस्तिसावर ठाण मांडून बसला आहे.

मुख्य बातमी म्हणजे सिर्पाला गाडी मीच शिकवतो आहे. घरोघर जाणाऱ्या नर्सचं शिक्षण घ्यायला तिला कायानीत जागा मिळाली. ऑगस्टपर्यंत हातात लायसन नसेल तर ती जागा जाईल, कारण इथं एका पेशंटचं घर दुसऱ्यापासून वीस किलोमीटरवर. घरच्या माणसानं शिकवायचं तर सरकारी परवाना लागतो आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवावा लागतो. तो बसवून घेतला. दोन्ही ब्रेक एका दांडीनं जोडलेले आहेत, मी माझा दाबला की तिचाही खाली जातो. एल्माचं म्हणणं, लग्नानंतर लगेच असा एक तिलाही मिळायला हवा होता.

तळ्यावरचा बर्फ हातभर जाड झालाय. तिथं मी तिला मुद्दाम घसरायला लावतो. गाडी घसरली की ब्रेकला पाय लावायचा नाही. क्लच दाबायचा आणि नजर जिथं जायचंय तिथं ठेवायची, खड्ड्याकडे नाही. हात नजरेमागे जातात. पोरगी इतकी शांत आहे की मलाच धाप लागते. तीस हिवाळे गावची बर्फ काढायची गाडी चालवणाऱ्या बापाला ती परवा म्हणाली की बाबा, दाराचं हँडल सोडा, उपटून हातात येईल.

पत्र पाठव आणि पहिल्यासारखी माया ठेव.
तुझा ओस्मो


तुर्कू, १९ जानेवारी

चि. ओस्मोस,
अ. उ. आ.

मोज्यांना नावं ठेवतोस काय? पुढच्या नाताळात अनवाणी राहशील.

सिर्पाच्या जागेची बातमी वाचून इथल्या शेजारणींना कॉफी पाजली. आपल्या घरातली शिकून नोकरी करणारी ही पहिलीच मुलगी. तेवढं तुझं तू सांभाळ. लहानपणी कुत्रं भुंकलं तरी माझा हात असा आवळायचास की मनगटावर वळ उठायचे. पोरीला शिकवताना तोंड चालव, हातपाय आवर.

एल्माला सांग, तसा ब्रेक बाजारात मिळत असता तर मीही घेतला असता. तुमची आठवण काढतेच आहे, तुम्हीही काढा.
तुझी ताई


कुह्मो, १० फेब्रुवारी

ती. ताईस,
ओस्मोचा सा. न.

एल्माच्या मांडीचं हाड मोडल्याचं फोनवर कळवलं होतंच. ऑपरेशन नीट झालं. बाकीचं फोनवर सांगता येईना. फोन स्वयंपाकघरात आहे आणि सिर्पा हल्ली सारा वेळ तिथंच बसून असते.

त्या शनिवारी दुपारी थंडी एकदम उतरून पारा शून्यावर आला. उणे तिसात रस्ता चाक धरतो, शून्यात दगा देतो, हे मी अख्ख्या गावाला ओरडून सांगत आलोय. वरून बारीक पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला. आम्ही एल्माच्या बहिणीकडे कॉफीला निघालो होतो. सिर्पा चालवत होती, मी शेजारी, एल्मा मागे, मांडीवर पावाची टोपली घेऊन. पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे तो लाकडी ओटा आहे ना वळणावर, तिथं मागची चाकं सुटली.

ताई, पोरीनं सगळं बरोबर केलं. क्लच दाबला, नजर रस्त्यावर ठेवली, हात वळवले. गाडी सावरत होती, मला बुडाखाली कळत होतं. पण मी त्या ओट्याकडे बघत होतो. आणि मी ब्रेक दाबला. दाबला कसला, त्यावर उभाच राहिलो. चाकं जागच्या जागी आवळली आणि गाडी आडवी होऊन मागच्या अंगानं ओट्यावर गेली. एल्मा त्याच बाजूला बसली होती.

पोलिसानं सिर्पाला विचारलं की ब्रेक लावलास का. ती म्हणाली, हो, घाबरून लावला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, आणि माझी जीभ उचलली नाही. तिला खरंच वाटतंय की चूक तिची. आता गाडीजवळ फिरकत नाही. कायानीची जागा सोडून गावातल्या दुकानात लागते म्हणते. रोज सकाळी ठरवतो की आज सांगायचं, आणि रोज बर्फ काढायला निघून जातो. मला स्वतःची किळस येते. तू तिला काही कळवू नकोस, मीच सांगेन.

मला टाकू नकोस एवढंच मागणं.
ओस्मो


तुर्कू, १६ फेब्रुवारी

चि. ओस्मोस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तुझा राग आला आणि तुझ्यासाठी रडूही आलं. तिला सांग. मुहूर्त बघू नकोस, भाषण तयार करू नकोस, कॉफी ओत आणि सांग. पोरगी भलत्याच ओझ्याखाली वाकली आहे आणि जागा हातची जाते आहे. सातशे किलोमीटरवर बसून मी काय करू? स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते झालं. तिला मी वेगळं चार ओळींचं पत्र टाकलंय, त्यात फक्त लिहिलंय की जागा सोडायची घाई का करतेस, भीती जाईल. तुझं नाव काढलेलं नाही.

एल्माच्या कपाळावरून माझा हात फिरव.
ताई


कुह्मो, १ मार्च

ती. हिल्काआत्यास,
सिर्पाचा शि. सा. न. वि. वि.

आईला काल घरी आणलं. पलंगावरून मला कांदा कसा चिरायचा ते शिकवते आहे, म्हणजे बरीच बरी आहे.

भीती जाईल असं तू लिहिलंस. आत्या, मला बर्फाची भीती वाटत नाही. मी ब्रेक लावलाच नव्हता. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत होते तेवढ्यात बुटाशेजारचं ब्रेकचं पेडल आपणहून खाली गेलं. काय झालं ते मला तिथंच कळलं.

पोलिसानं विचारलं तेव्हा मी बाबांकडे बघितलं. सगळा गाव ज्यांना रस्ता कसा आहे विचारून मग घराबाहेर पडतो, त्यांचा चेहरा असा झाला होता की तोंडातून निघूनच गेलं, मी लावला. मग ते परत घेता आलं नाही. आता दुसऱ्याकडे शिकायला गेले तर त्यांना कळेल की मला माहीत आहे. त्यांच्या शेजारी बसावं तर त्यांच्या पायाकडेच लक्ष जातं, रस्त्यावर राहत नाही. बर्फात ते मला घाबरू नकोस म्हणायचे, आता त्यांचीच भीती वाटते, हे कुणाला सांगू? बाबा माझ्याशी बोलत नाहीत, नुसते माझ्या आधी उठून माझ्या वाटेवरचा बर्फ काढून ठेवतात. मला खूप वाईट वाटतं.

जागा हवी की नको ते १५ मार्चपर्यंत कळवायचं आहे. नको असं लिहून ठेवलं आहे, पाकीट बंद करायचं बाकी आहे. बाबांना यातलं अक्षर कळवायचं नाही, तुला माझी शपथ. हे पत्र जाळून टाक. आणि वेडी भाची म्हणून का होईना, जवळची मान.
तुझी सिर्पा


तुर्कू, ५ मार्च

चि. ओस्मोस आणि चि. सिर्पास,
दोघांनाही अ. उ. आ.

हेच पत्र दोनदा लिहून दोन पाकिटांत घातलं आहे. ओस्मो, तुझ्या पाकिटात सिर्पाचं १ मार्चचं पत्र आहे. सिर्पा, तुझ्या पाकिटात तुझ्या बाबांचं १० फेब्रुवारीचं. दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं, एकानं विनवून, एकीनं शपथ घालून. कालपासून दोन्ही पत्रं समोर ठेवून बसले आहे. चुलीचं दार दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. एकाचा शब्द पाळावा तर दुसरा बुडतो, आणि गप्प बसावं तर दोघंही बुडता. माझ्याच्यानं ते बघवत नाही.

मी शपथ मोडली. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही, आणि आता माझ्या हातातही काही नाही. पाकिटं टपालपेटीत टाकली की ती काही परत निघत नाहीत. हवं तितकं रागवा माझ्यावर, महिनोन् महिने रागवा. पण एका टेबलाशी बसून रागवा.

राग उतरल्यावर थोडी माया उरली, तर माझ्या वाट्याची ठेवा.
हिल्का