आमेन होईपर्यंत

९ मार्च १९९६, श्रीरामपूर

एलियामामांच्या कापड दुकानात आज अमेरिकेहून फोन आला. मला वाटलं एडविनचा. तिथल्या पोलिसांचा होता. माझा धाकटा भाऊ ज्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीबरोबर शेतावर राहतो, त्या शेताला त्यांनी वेढा घातलाय. आत बंदुका आहेत. त्याची बायको ग्रेस आणि त्यांची छोटी आतच. एडविन फाटकावर पहारा देतो — हातात रायफल घेऊन. आमचा एडविन!

गेल्या वर्षी त्यानं लिहिलं होतं, "दयाताई, इथं खरे विश्वासणारे भेटले." ते मी कॉलेजात कौतुकानं सांगितलं. पुढे लिहू लागला, सरकार म्हणजे सैतान, शेवट जवळ आलाय. ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

१० मार्च

चर्चमध्ये उपासनेत पाळकांनी नेहमीप्रमाणे परगावी असलेल्यांसाठी प्रार्थना केली. एडविनचं नावही घेतलं. मी मान वर केली नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. सगळं नाही.

"मारलं का त्यानं कुनाला?"

"नाही."

"मंग पोलीस कशाला?"

१२ मार्च

पुन्हा फोन, त्याच पोलीस अधिकाऱ्याचा. आवाज मऊ. आईचं बोलणं फोनवर टेप करून शेताबाहेर भोंग्यावर लावायचं म्हणतो. विचारलं, आईचं ऐकतो का एडविन?

मी म्हटलं, आई बोलायला लागली की प्रार्थनाच करते. आमच्या घरी रोज संध्याकाळी ती प्रार्थना करते तेव्हा सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटून. आमेन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. एडविनला लहानपणी अशाच वेळी विंचू चावला. पोरगं घामानं भिजलं, पण आमेन म्हणून मगच ओरडलं. हे मी हसत सांगितलं. माझा भाऊ वाईट नाही, एवढं त्याला कळावं म्हणून.

तो हसला नाही. "अजूनही तसंच करेल?"

"करेल."

"रायफल खाली ठेवून?"

"हात जोडायचे तर ठेवावीच लागेल."

मग म्हणाला, प्रार्थना लांबली तरी चालेल. लांबलेलीच बरी.

१४ मार्च

आई ठेवणीतलं लुगडं नेसून दुकानात आली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आक्का, जरा मोठ्यानं. अमेरिका लांब हाय," मामा म्हणाले.

"तुज्यावानी बहिरा न्हाई माजा एडविन."

मग डोळे मिटले. पोराला सांभाळ, सुनंला सांभाळ, नातीला सांभाळ. त्या बंदुकवाल्यांनाही सांभाळ, त्यांच्याबी आया असतील. संपेचना. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टोप्या काढल्या. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

१५ मार्च

"लांबलेलीच बरी." असं का म्हणाला तो?

उगाच संशय घेते आहे का? एडविन मऊ पडावा म्हणूनच असेल. पण मग रायफलचं का विचारलं? मी खरं तेच सांगितलं. खरं सांगितलं म्हणजे झालं का?

विचारावं, तर फोन नेहमी तिकडूनच येतो. मी नंबरही मागितला नाही.

१६ मार्च

फोन नाही. आईनं दोनदा विचारलं.

१७ मार्च

फोन आला. भोंग्यावर आईचा आवाज लागला. एडविननं रायफल खाली ठेवली, गुडघे टेकले, डोळे मिटले. तेवढ्यात पोलीस त्याच्या बाजूनं आत शिरले. एडविन जिवंत आहे, त्यांच्या ताब्यात. आतून गोळ्या सुटल्या, मग आग लागली. ग्रेस आणि छोटी बाहेर आल्या नाहीत.

तुमच्या माहितीचा फार उपयोग झाला, अधिकारी म्हणाला.

घरी आले तर आई दारातच उभी. "माजी प्रार्थना ऐकली का गं त्यानं?"

"ऐकली, आई. मध्ये हललासुद्धा नाही."